गवताला झाड म्हटलं, त्याची गोष्ट

बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्राला विचारलं तर उत्तर सरळ आहे. बांबू हे गवत. अंगणातली हरळी, शेतातली ज्वारी, उसाचं कांडं आणि बांबू ही सगळी एकाच कुळातली भावंडं. पण १९२७ सालच्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाची जी व्याख्या दिली होती, तिच्यात ताडाच्या शेजारी बांबूलाही बसवलेलं होतं. इंग्रज सरकारने गवताला झाड म्हटलं. इंग्रज गेले, पण २०१७पर्यंत बांबू झाडच राहिला.

ऐकायला ही गंमत वाटते. पण झाड म्हटलं की त्याचं लाकूड आलं आणि लाकूड म्हटलं की मालकी सरकारची आली. मग ते तोडणं गुन्हा, गाडीत घालणं गुन्हा, बाजारात विकणं तर फारच मोठा गुन्हा. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. त्या जंगलात बांबूची बेटं. बेटांच्या शेजारी गावं, आणि गावातली माणसं पावसाळा संपला की रोजगाराच्या शोधात दूर जाणारी. घराच्या कुडाला, कुंपणाला लागेल तेवढा बांबू निस्तार हक्कात मिळायचा. विकायचा मात्र नाही. विकणार सरकार, आणि विकत घेणार कागदाचा कारखाना.

कारखान्याला बांबू काय भावाने मिळायचा, याचा एक हिशेब आपल्याकडच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने मांडून ठेवला आहे. माधव गाडगीळ यांनी १९७५च्या सुमारास कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. तिथे कागद कारखान्यांना बांबू टनाला दीड रुपया दराने दिला जात होता. त्याच बांबूसाठी बाजारात टोपल्या विणणाऱ्या कारागिराला टनामागे दीड हजार रुपये पडत होते. दीड रुपया आणि दीड हजार. ज्याला तो दीड रुपयात मिळतो, तो तो जपेल कशाला? एक जंगल संपलं तर पुढच्या जंगलाकडे जाईल. तसंच झालं. कारखाने जवळचा बांबू संपवून दूरदूर जात राहिले. दोष मात्र गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीला आणि त्यांच्या गुरांना लागला.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी असते. बेट मोकळं झालं की बांबू चांगला वाढेल, या समजुतीने ही जाळी साफ करण्याची पद्धत वनखात्याने घालून दिली होती. गावचे लोक सांगत होते, साहेब, ते काटे काढू नका, त्यांच्यामुळेच कोवळे कोंब गुरांपासून आणि जनावरांपासून वाचतात. गाडगिळांनी मोजमाप करून पाहिलं. गावचे लोक बरोबर होते. साफ केलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते.

आता बांबू वाढतो कसा आणि तोडायचा कसा, हे थोडं समजून घेऊ. जंगल राखणं आणि पोट भरणं यांचं भांडण आहे असं आपण धरून चालतो. ते भांडण खरं कुठे आहे, हे बेटाच्या बुडाशी गेल्याशिवाय दिसत नाही.

बांबूचं बेट जमिनीखालच्या कंदातून वाढतं. पावसाळ्यात कोंब फुटतो आणि त्याच हंगामात तो आपली पूर्ण उंची गाठतो. नंतर तो उंच होत नाही, जाडही होत नाही. फक्त आतून पक्का होतो, आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या बाजूला, तरण्या बांबूंच्या आधाराने येतात. जुने, पिकलेले बांबू राहतात मधोमध. म्हणजे तोडायचे ते मधले. राखायचे ते कडेचे. म्हणून जाणकार माणूस बेटाला एका बाजूने वाट करतो, घोड्याच्या नालेसारखी. आत शिरतो, पिकलेले निवडून तोडतो आणि बाहेरची कड शाबूत ठेवतो. घाव जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरच्या अंगाला, म्हणजे ठुंठात पाणी साचून ते कुजत नाही. पावसाळ्यात तोड करायची नाही. त्या वर्षीच्या कोंबाला हात लावायचा नाही. आणि एका बेटातून एकदा तोड केली की तीन-चार वर्षं त्याला विसावा.

यात अवघड काही नाही. पण हे करायला वेळ लागतो. ठेकेदाराचा मजूर किती बांबू तोडले यावर मजुरी घेतो. त्याला मधल्या गुंत्यात शिरणं परवडत नाही. तो कडेचे, सरळ, हाताशी येणारे बांबू तोडून मोकळा होतो. हे कडेचे बांबू म्हणजेच बेटाची पुढची पिढी. मजूर वाईट नसतो, त्याला जंगल कळत नाही असंही नसतं. बहुतेक वेळा तो त्याच गावचा असतो आणि आपण काय करतोय हे त्याला नीट ठाऊक असतं. पण पुढच्या चार वर्षांनी त्या बेटाचं काय होईल, याच्याशी त्याच्या मजुरीचा काही संबंध ठेवलेला नसतो. मला वाटतं, सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. लोकांना जंगलाचं महत्त्व पटवून द्यायला हवं, असं शहरातल्या व्यासपीठांवरून नेहमी सांगितलं जातं. पटवून द्यायचं काही शिल्लकच नसतं. संबंध जोडून द्यायचा असतो.

हा संबंध जोडण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न झाला तो गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावात. गाव गोंड आदिवासींचं, वस्ती पाचशेच्या आसपास. लेखा हे शेजारचं गाव, तिथल्या ग्रामपंचायतीत मेंढा येतं, म्हणून कंसात लेखा. १९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध या भागात मोठं आंदोलन झालं. बुडू पाहणारं जंगल वाचलं आणि मग प्रश्न आला की वाचलेलं हे जंगल कोणाचं? देवाजी तोफा हे मेंढ्याचे पुढारी आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. त्यांच्या काळात गावाची एक घोषणा झाली, ती पुढे महाराष्ट्रभर गेली : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

घोषणा देणं सोपं. गावाने त्यामागे पुष्कळ कष्टाचं काम केलं. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा असं ठरलं. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. आपल्याला वाटेल, असं कुठे काही ठरतं का? वेळ लागतो, पण ठरलेलं टिकतं. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास अशा मतांनी जंगलाचा नियम केला, तर ते एकोणपन्नास रात्री कुऱ्हाड घेऊन निघतील. जंगलाला भिंत नसते. गावातल्या प्रत्येकाने मानला तरच नियम चालतो.

दुसरी गोष्ट अभ्यास गटाची. ग्रामसभा निर्णय घेते, अभ्यास गट फक्त अभ्यास करतो. त्यात गावचे असतात आणि बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो. कायदा काय म्हणतो, मधमाशी कशी जगते, हिशेब कसा ठेवायचा, कशावरही बोलणं होतं. पण निर्णयाच्या वेळी बाहेरच्याने गप्प बसायचं. गावाला मदत करायला निघालेल्या माणसांसाठी, मग ते संस्थेचे असोत की सरकारचे, याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. आपल्याकडे मदत करणारा बहुधा निर्णय घेऊनच येतो आणि गावाकडून फक्त अंगठा मागतो.

या अभ्यासातून काय निघालं याचा एक नमुना सांगतो. आग्या मोहोळाचा मध काढायचा तर पलिते पेटवून माशा जाळायच्या आणि पोळं संपूर्ण काढून घ्यायचं, ही जुनी रीत. मध एकदाच मिळतो, माशा मरतात आणि कधी ठिणगी पडून जंगलही पेटतं. मेंढ्याच्या लोकांनी दुसरी रीत शिकून घेतली. अंगभर जाळीचा पोशाख घालायचा आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा. अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माशा परततात आणि त्याच पोळ्यात पुन्हा मध भरतात. मध स्वच्छ मिळतो, भाव चांगला येतो आणि माशी जिवंत राहिली की रानातल्या फुलांना फळ धरतं.

मोहाचं उदाहरण घ्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. उन्हाळ्यातल्या कितीतरी वणव्यांची सुरुवात अशी होते. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून घेतला किंवा खाली जाळी पसरली तर आग टळते, फुलंही मातीत मळत नाहीत. पण शेजारचा पेटवणार असेल तर मी एकट्याने का झाडावं? म्हणून इथेही आधी सभा लागते आणि जाळी मागून येते.

आता कायद्याकडे येऊ. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासी आणि पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या इतर लोकांवर इतिहासात अन्याय झाला, असं त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलेलं आहे. कसत असलेल्या जमिनीचा हक्क, एवढाच भाग लोकांना ठाऊक असतो. याहून मोठी गोष्ट सामूहिक हक्काची. गावाने परंपरेने वापरलेलं जंगल राखणं, वाढवणं आणि त्यातलं गौण वनोपज गोळा करून विकणं हा गावाचा हक्क. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात ज्या गावांना हा हक्क सर्वांत आधी मिळाला, त्यांत मेंढा आहे.

‘गौण वनोपज’ या शब्दापाशी मला थांबल्याशिवाय राहवत नाही. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दावर अडखळणं हा माझा धंदाच. मोहफूल, चारोळी, हिरडा, मध, डिंक, तेंदूपान हे सगळं गौण. मग मुख्य काय? सागाचं लाकूड. कोणाच्या दृष्टीने मुख्य? ज्याला रेल्वेचे स्लीपर आणि जहाजं बांधायची होती त्याच्या दृष्टीने. ज्या घरात उन्हाळ्याचे दोन महिने मोहावर निघतात, त्या घरात साग गौण आहे आणि मोह मुख्य. शब्द साहेबाच्या टेबलावर तयार झाला आणि आपण तो तसाच मराठीत आणला.

पण या गौण शब्दाने या वेळी गावाची बाजू राखली. २००६च्या कायद्याने गौण वनोपजाची यादी दिली, तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे देशात दोन कायदे झाले. १९२७चा म्हणतो बांबू झाड, २००६चा म्हणतो गौण वनोपज. मेंढ्याच्या हातात हक्काचा कागद होता, रानात पिकलेला बांबू होता. तरी तो विकता येत नव्हता. कारण वाहतूक परवाना.

जंगलातला माल रस्त्यावर आणायचा तर त्यासोबत वनखात्याचा परवाना लागतो. तो नसेल तर नाक्यावर गाडी अडते, माल जप्त होतो. परवान्यांचं ते पुस्तक वनखात्याकडे. खात्याचं म्हणणं असं की बांबू हे झाड, तुमचा हक्क गौण वनोपजावर, मग परवाना कसा देणार? मालक तुम्ही, माल तुमचा, पण फाटकाची किल्ली आमच्याकडे, असा हा प्रकार. कोणता व्यापारी असा माल घेईल? वर्ष उलटून गेलं तरी प्रश्न सुटेना.

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज माना असं कळवलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिलं. पावती-पुस्तकासारखं एक साधं पुस्तक. पण त्या दिवसापासून मेंढ्याच्या बांबूचा परवाना मेंढ्याची ग्रामसभा फाडू लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये कायद्याचे नियम बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचाच, हे देशभरासाठी लिहिलं गेलं. २०१७ मध्ये १९२७च्या कायद्यातही दुरुस्ती झाली. जंगलाबाहेर, शेतात-बांधावर लावलेला बांबू आता त्या कायद्याने झाड राहिलेला नाही. जंगलातल्या बांबूला मात्र त्या कायद्याचे नियम अजून लागू आहेत.

मेंढ्याची ग्रामसभा बांबूचा लिलाव करू लागली. तोडणाऱ्यांना मजुरी मिळाली, ग्रामसभेच्या खात्यात पैसे आले, आणि पहिल्यांदाच बेटाच्या मधल्या गुंत्यात शिरायला वेळ काढणं परवडू लागलं. चार वर्षांनी त्याच बेटाकडे आपल्यालाच यायचं आहे, हे तोडणाऱ्याला ठाऊक होतं.

आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे सामूहिक हक्क आहेत. इतकं मोठं काम दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच झालं असेल. पण सगळीकडे मेंढा झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. हक्काचा कागद एका दिवसात मिळतो, सभेची सवय लागायला वीस वर्षं लागतात. जिथे सवय नाही तिथे ठेकेदार दोन-चार जणांना हाताशी धरतो, कोऱ्या ठरावावर सह्या घेतो, आणि ग्रामसभेच्या नावाने पूर्वीचाच कारभार चालतो. हिशेब, बँक, लिलावाची अट, कराचे कागद हे सगळं येणारी दोन पोरं गावात नसतील तर हक्क असून उपयोग होत नाही. मदत करायची असेल तर इथे करावी. भाषणाची गरज नाही, खतावणी लिहायला शिकवणारा माणूस हवा.

आणखी एक टोचणारी गोष्ट. बुरूड समाज पिढ्यानपिढ्या बांबूवर जगत आला. सूप, टोपली, डाली, चटई ही त्याची कारागिरी. नोंदणी असलेल्या बुरुडाला वनखातं सवलतीत हिरवा बांबू देतं. पण तो बहुधा मोठ्या गावात किंवा शहराच्या कडेला राहतो, त्याच्या वस्तीला लागून जंगल नाही, म्हणून सामूहिक हक्कही नाही. पूर्वी कारखान्याला स्वस्त आणि त्याला महाग असा हिशेब होता. आता जंगल गावांकडे गेलं, तर त्या गावांनी लिलावात सगळाच बांबू मोठ्या व्यापाऱ्याला द्यायचा की काही भाग बुरुडासाठी राखायचा? कायदा यावर काही सांगत नाही. ते ग्रामसभांनीच ठरवायचं आहे, आणि सर्वसहमतीच्या सभेत बुरुडाला बसायला जागा नाही.

तेंदूपत्त्याचा पेच तर माझ्या घराजवळचा आहे. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी खाला आणि आपा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. पत्र्याच्या मापावर कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची आणि वळायचं. हे पान कुठून येतं, लहानपणी कधी विचारलं नाही. ते येतं मे महिन्याच्या उन्हात. पहाटे माणसं जंगलात जातात, पानं तोडून आणतात, ७० पानांचं एक पुडकं बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. अशी एक हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी. पंधरा-वीस दिवसांचं हे काम, पण पेरणीआधी हातात पडणारी मोठी रोख रक्कम हीच. म्हणून ती सोडणं कुठल्याही गावाला जड आहे. भाव मात्र गावाच्या हातात नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला, तो २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. दर वर्षी लिलावाच्या वेळी गावांची धाकधूक असतेच.

आणि पान चांगलं यावं म्हणून ठेकेदारी पद्धतीत आधी झुडपं छाटतात, कोवळी पालवी फुटावी म्हणून आग लावतात. तेंदूच्या मागे वणवा येतो तो असा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने यावर आपला निर्णय घेतला. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गाव लहान आणि गरीब. सभेत बसून त्यांनी नियम केले आणि त्यात ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही, विकायचा नाही. झाडं छाटली जातात, आग लागते, आणि जे पान शेवटी तंबाखूभोवती गुंडाळायचं त्यासाठी हे कशाला करायचं? बांबूच्या उत्पन्नावर भागवू. शिवाय ३४ हेक्टर जंगल त्यांनी देवराईसारखं राखून ठेवलं, तिथे काहीच तोडायचं नाही.

हा निर्णय मोठा आहे, कारण तो पोट भरलेल्यांनी घेतलेला नाही. सगळ्या गावांनी तसंच करावं, असं मी म्हणणार नाही. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याने काय करायचं? आणि सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या आपांनी काय वळायचं? पाचगावने स्वतःपुरतं ठरवलं. आता तिथल्या तेंदूच्या झाडांना उन्हाळ्यात फळं धरू लागली आहेत. तुमच्याकडे त्यांना टेंभुर्णीची फळं म्हणत असतील. पिवळी, गोड, थोडी तुरट. पाखरं खातात, आणि गावची पोरंही.